पणजीत पहिली नोकरी, पत्रात ‘बिझनेस कॅज्युअल’ लिहिलंय. पावसात बसने जाणाऱ्या मुलीने काय घालावं?

साखळीची_पोर

सगळ्यांना नमस्कार. मी साखळीची. यंदा बीकॉम झाले आणि पणजीला पाटोवरच्या एका कंपनीत अकाउंट्सच्या कामावर लागले आहे. १५ जूनला रुजू व्हायचंय. नेमणुकीच्या पत्रात पगार, सुट्ट्या, वेळ सगळं सविस्तर आहे, कपड्यांबद्दल मात्र एकच ओळ: ‘ड्रेस कोड – बिझनेस कॅज्युअल’.

घरात यावरून रोज चर्चा चालली आहे. बाबांचं म्हणणं, शहरातलं ऑफिस आहे, शर्ट-पँट शिवून घे. आई म्हणते, कुर्ता-सलवार काय वाईट, आमच्या शाळेतल्या बाईंनी जन्मभर साडी नेसून शिकवलं. मावसबहीण पुण्याला आयटीत आहे, ती म्हणाली जीन्स चालते, कशाला डोक्याला ताप करून घेतेस. इंटरव्ह्यूला गेले तेव्हा समोरच्या मॅडम फिकट निळ्या कुर्त्यात होत्या, शेजारचे सर कॉलरच्या टी-शर्टमध्ये, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने पांढरा शर्ट नि काळी पँट घातली होती. तिघांचे तीन प्रकार. त्यावरून नियम काय धरायचा तेच कळेना.

त्यात माझ्या अडचणी वेगळ्या आहेत. साखळीहून पणजीला बसने जाणार. सकाळच्या बसला बसायला जागा मिळेलच असं नाही, बऱ्याचदा दांडा धरून उभंच राहावं लागतं. जून म्हणजे पाऊस. कदंब स्टँडवर उतरून ऑफिसपर्यंत चालायचं. आमच्याकडची माती लाल, कॉलेजात असताना पावसाळा लागला की पांढऱ्या सलवारीचा खालचा भाग तांबूस होऊन जायचा, धुवूनही निघत नसे. पहिला पगार जुलैत होईल. तोपर्यंत हातात ५,००० रुपये आहेत आणि त्यातच पायात घालायचंही घ्यायचंय.

आणखी एक मनापासून विचारते. आमच्या दारात अबोली आहे. आजी रोज वळेसर, म्हणजे गजरा, करून देते आणि मी तो माळते. शाळा-कॉलेजात कुणी काही बोललं नाही. ऑफिसात चालेल का? तिला ‘आता नको’ म्हणायचं जिवावर येतंय.

मांडवीकाठची

बाय, आधी अभिनंदन. मी बेतीची. रोज फेरीबोटीने मांडवी ओलांडून पणजीत कामाला जाते. आधी मालवाहतुकीच्या कंपनीत होते, आता विम्याच्या कामात आहे. पावसाळ्यात कोरडं ऑफिसात पोचणं हा माझा रोजचा उद्योग, म्हणून सविस्तर लिहिते.

इंटरव्ह्यूला तू जे तीन प्रकार पाहिलेस, तोच नियम आहे. तिन्ही बिझनेस कॅज्युअलच. टाय आणि कोट नको, आणि घरात किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर घालतो तेही नको. याच्या मधलं जे नीट मापाचं, इस्त्री केलेलं आणि अंगभर आहे ते सगळं चालतं. तेव्हा बाबांचंही बरोबर आणि आईचंही. जीन्सचं मात्र पहिल्या महिन्यात नाव काढू नकोस. काही ऑफिसांत शुक्रवारी गडद निळी, न फाटलेली, न विटलेली जीन्स चालते. ती तुझ्याकडे चालते का, हे तिथली माणसं काय घालतात ते बघून ठरव.

कुर्त्याबद्दल मला थोडं जोराने बोलायचंय. मी पूर्वी एका ऑफिसात होते, नाव घेत नाही. तिथे वरच्या हुद्द्यावरच्या एका बाईंनी मला बोलावून सांगितलं की कुर्ता ‘घरगुती’ दिसतो, शर्ट-पँट घातली तर ‘प्रोफेशनल’ वाटेल. मी त्यांना विचारलं, हे कुठे लिहिलंय? लिहिलेलं नव्हतं. मग मी नम्रपणे म्हटलं, लेखी द्या, मी पाळीन. लेखी कधी आलं नाही आणि मी कुर्ता सोडला नाही. हे सांगण्याचं कारण असं की नव्या मुली अशा एका वाक्याने घाबरतात आणि पहिल्या पगारातून चार शर्ट घेऊन बसतात. ते शर्ट त्यांच्या मापाचे नसतात, छातीवर दोन बटणांच्या मधे फाकतात, आणि दिवसभर एक हात शर्ट खाली ओढण्यात जातो. अंगात नीट बसलेला सुती कुर्ता अशा शर्टापेक्षा कितीतरी बरा. तुला शर्ट आवडत असेल तर जरूर घाल. दबावाखाली नको.

कुर्ता कसा? गुडघ्यापर्यंत किंवा किंचित खाली. बाही कोपरापर्यंत. गळा पुढून-मागून बेताचा, वाकून फाईल उचलली तरी सावरायला लागू नये असा. खाली सरळ पँट, घोट्याच्या जरा वर संपणारी. लेगिंग नको म्हणते, कारण कुर्त्याच्या कापातून ते फार अंगासरशी दिसतं आणि ओलं झालं की पायाला चिकटतं. पायघोळ सलवार किंवा पलाझो दिसायला छान, पण बसच्या पायरीवर आणि पाणी साचलेल्या रस्त्यावर ती आधी भिजते. ओढणी घ्यायची तर दोन्ही खांद्यांवर पिन लावून. बऱ्याच ऑफिसांत आता ओढणीशिवाय कुर्ता चालतो, तिथल्या मॅडमनी घेतली होती का आठवून बघ.

रंगाचं गणित पावसाळ्यात उलटं करायचं. खालचा रंग गडद: काळा, गडद निळा, गडद करडा. वर हवा तो फिकट रंग घे, पण फिकट करडा आणि आकाशी टाळ. या दोन रंगांवर घामाचा ओला डाग लांबून दिसतो, आणि दांडा धरून हात वर असताना तर फारच. पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर तो दिसत नाही.

लाल मातीचं सांगते. आपल्याकडच्या मातीत लोह आहे, डाग त्याचाच. चिखल ओला असताना चोळलास तर तो धाग्यात आणखी बसतो. वाळू दे, ब्रशने झाड, मग साबणाने धू. तरी राहिलाच तर लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेव, पण रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर लावून बघ. ब्लीच अजिबात नको, लोहाचा डाग ब्लीचने आणखी पक्का होतो. तुझ्या पांढऱ्या सलवारीचं बहुधा तेच झालं असेल.

आता ऑफिसात पोचल्यावरचं. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात कायम या वस्तू असतात: एक काळी सुती पँट घडी घालून, कापडी पिशवीत बंद बूट, एक लहान टॉवेल, दोन-चार सेफ्टी पिना, आणि ओले कपडे ठेवायला जाड प्लास्टिकची पिशवी. फेरीबोटीतून उतरताना पायात रबरी पावसाळी चप्पल असते. ऑफिसात शिरले की आधी बाथरूमला, पाय धुवून-पुसून बूट, आणि खालून फार भिजलेलं असेल तर पँट बदलायची. कुणी आपल्याला ओल्या पायांनी टेबलाशी बसलेलं बघत नाही, आणि मुख्य म्हणजे आपण दिवसभर कुडकुडत नाही. एसी हा आपल्याकडचा दुसरा पावसाळाच आहे. २०२० पासून नव्या स्टार-रेटिंगच्या एसीचं तापमान कारखान्यातूनच २४ अंशांवर लावलेलं येतं, पण ऑफिसात कुणीतरी ते १८ वर नेतंच. म्हणून खुर्चीच्या पाठीला एक पातळ स्वेटर किंवा साधी जाकीट ठेव. शाल नको, ती टेबलावरच्या कागदांवर लोळते.

आणि फुलं. बाय, माळ. निःशंक माळ. आपल्या गोव्यात बँकेच्या काउंटरवर, सरकारी कचेरीत, शाळेत बायका फुलं माळून काम करत आल्या आहेत आणि त्यांच्या कामात त्याने काही उणं आलेलं नाही. बंद एसीच्या खोलीत वासाचा विचार तेवढा करावा लागतो. जाई किंवा सुरंगी माळली तर शेजारी बसणाऱ्याचं डोकं दुखू शकतं. अबोलीला वासच नाही. म्हणजे ऑफिससाठी याहून चांगलं फूल मिळणार नाही. छोटा वळेसर, अंबाड्याला किंवा वेणीला घट्ट बांधलेला, पाकळ्या टेबलावर गळणार नाहीत असा. आजीला सांग, रोजच्यापेक्षा अर्धा कर. ‘नको’ म्हणायची वेळ येणार नाही.

म्हापशाचा_शिंपी

वरच्या ताईंनी पुष्कळ सांगितलं. मी शिवणकाम करतो, वडिलांपासून धंदा आहे. कापड आणि शिलाई यावर बोलतो, कारण माझ्याकडे जूनमध्ये तुमच्यासारख्या नव्याने नोकरीला लागलेल्या मुली येतात आणि निम्म्या वेळा कापड चुकीचं आणलेलं असतं.

दुकानात हाताला गार आणि मऊ लागलं म्हणून रेयॉन घेऊ नका. व्हिस्कोस म्हणतात तेही तेच. हा धागा ओला झाला की कमजोर होतो, पाणी धरून ठेवतो, आणि जुलैत दोरीवर दोन-दोन दिवस सुकत नाही. मग त्याला कुबट वास येतो, तो इस्त्रीनेही जात नाही. शंभर टक्के पॉलिएस्टर लवकर सुकतं, पण घामाचा वास धरतं आणि बसमध्ये अंग उकडतं. कुर्त्याला सुती घ्या, पॉपलीन किंवा त्याच जातीचं दाट विणीचं. उजेडाकडे धरून पाहा, पलीकडची बोटं दिसली तर त्याला अस्तर लागेल, आणि अस्तर म्हणजे सुकायला आणखी वेळ. पँटला मात्र सुती-पॉलिएस्टर मिश्र चांगलं. घडी राहते, रात्री धुतलं तर पंख्याखाली सकाळपर्यंत सुकतं. लिनन सुंदर कापड आहे, उन्हाळ्यात त्याला तोड नाही, पण साखळी ते पणजी बसमध्ये चेंगरून गेल्यावर त्याच्या सुरकुत्या बघवणार नाहीत.

४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर कुर्त्याला अडीच मीटर आणि पँटला दोन मीटर धरा. आणल्यावर शिंप्याकडे नेण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घाला, सावलीत सुकवा, मग द्या. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. न भिजवता शिवलेला कुर्ता दोन धुण्यांत काखेत आवळायला लागतो आणि शिव्या शिंप्याला बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुंढा. बाही जिथे खांद्याला जोडतात तो भाग. मुली सांगतात, काखेत सैल ठेवा, हात वर करायला बरं. उलटं आहे. मुंढा खाली उतरवून सैल ठेवला की हात वर करताना बाहीबरोबर सगळा कुर्ता वर ओढला जातो, कंबरेपर्यंत उचलतो. मुंढा काखेच्या जवळ, वर कापला आणि बाहीला पुरेसा घेर दिला, तर हात दांड्यावर जातो आणि कुर्ता जागेवर राहतो. माप देताना हात खाली सोडून माप द्या, आणि ट्रायलला आल्यावर हात वर करून आरशात बघा. शिंप्याला सांगा, मी बसमध्ये उभी असते. चांगला शिंपी लगेच समजतो.

बाजूचा काप कमरेच्या बराच खाली सुरू करायला सांगा. उजव्या शिवणीत खिसा काढून घ्या, मोबाईल आणि सुटे पैसे राहतील एवढा. काखेत आतून सुती कापडाचा अर्धगोल जोड लावता येतो, घाम तो शोषून घेतो आणि कुर्त्याचा रंग उडत नाही. पँटच्या खालच्या दुमडीत दीड इंच कापड सोडायला सांगा, पुढे लांबी वाढवायची झाली तर कामाला येतं.

५,००० चा हिशेब: तीन कुर्ते आणि दोन पँट. कापड साधारण साडेअकरा मीटर. २०० रुपये मीटरच्या आसपास धरलं तर २,३०० होतात. माझ्याकडच्या दराने शिलाई दीड हजाराच्या जवळ जाते. हजार-बाराशे उरतात, त्यात चप्पल-बूट. दोन पँट काळी आणि गडद निळी घेतल्यात तर तिन्ही कुर्ते दोन्हींवर जातात, आठवडा निघतो.

मडगावकर_सुशेगाद_नाही

याच धाग्यावर मुलग्यांचंही विचारतो. माझा भाऊ वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात ऑफिसच्या बाजूला लागतोय. तिथेही हेच दोन शब्द. त्याच्याकडे दादाच्या लग्नातला सूट, त्याचे चामड्याचे बूट आणि बाकी सगळे टी-शर्ट आहेत. बूट कपाटातून काढले तर पांढरी बुरशी, आणि एकाचा तळ हातातच सुटून आला. असं कसं होतं?

एचआर_पर्वरी

मी पर्वरीत एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. पत्रात ती एक ओळ लिहिणारी माणसं म्हणजे आम्हीच, तेव्हा उत्तर देणं माझं काम आहे.

भावासाठी: कॉलरचा शर्ट, पूर्ण किंवा अर्ध्या बाहीचा, आणि चिनोज. चिनोज म्हणजे सुती ट्विलची साधी पँट, गडद निळी, खाकी किंवा ऑलिव्ह. कॉलरचा एकरंगी टी-शर्टही चालतो, छातीवर मोठं चित्र किंवा मजकूर नको. सूट घरीच राहू दे. कारखान्यात यंत्रांजवळ जावं लागणार असेल तर तिथले नियम वेगळे असतात आणि ते सुरक्षेसाठी असतात: लोंबणारं काही नको, अंगठी-कडं नको, पायात कंपनी देईल ते बूट. त्यात मतं मांडायची नसतात, पाळायचे असतात.

बुटाचा तळ सुटण्याचं कारण सांगतो. पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून विरत जातो, आणि न वापरता बंद कपाटात ठेवला तर जास्तच. आपल्याकडच्या हवेत लग्नाचे बूट जपून ठेवणं म्हणजे ते घालवणं. रबरी तळाचे घ्या आणि वापरत राहा. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, कागद ओला झाला की बदला, उन्हात किंवा चुलीजवळ सुकवू नका, चामडं तडकतं. शक्यतो दोन जोड आळीपाळीने.

साखळीच्या ताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, रुजू होण्याआधी कंपनीच्या एचआरला सरळ ईमेल करा: ‘मी सुती कुर्ता आणि सरळ पँट घालणार आहे, चालेल ना?’ एवढंच. असा प्रश्न आला की आम्हाला बरं वाटतं, आणि उत्तर लेखी तुमच्याकडे राहतं. दुसरं, ऑडिटची किंवा बाहेरच्या पाहुण्यांची बैठक असेल त्या दिवशी तुमच्याकडचा सर्वात नीटस कुर्ता घाला, बाकी दिवस साधेपणा पुरे.

बिझनेस कॅज्युअलची पद्धत युरोपातल्या थंडीतून आली असा पुष्कळांचा समज आहे, म्हणून जाड कापड आणि कोट डोक्यात बसतो. खरं तर तिचं एक मूळ आपल्यासारख्याच दमट बेटांवर आहे. हवाईत १९६६ पासून शुक्रवारी ऑफिसात फुलाफुलांचा अलोहा शर्ट घालायची प्रथा सुरू झाली. तिथून ती अमेरिकेत पसरली. १९९२ मध्ये लिव्हायस कंपनीने आपल्या डॉकर्स पँटसाठी ‘ऑफिसात साधे कपडे कसे घालावेत’ याचं पत्रक छापून २५,००० एचआर व्यवस्थापकांना पाठवलं, आणि चिनो पँट हा जणू नियमच होऊन बसला. जपान सरकारने २००५ मध्ये उन्हाळ्यात एसी २८ अंशांवर ठेवायचं ठरवलं आणि कर्मचाऱ्यांना टाय-कोट सोडायला सांगितलं. हवा बघून कपडे घालणं हे या प्रथेच्या पोटातच आहे. गोव्यात राहून आपण सुती आणि अर्ध्या बाहीचं घातलं तर नियम मोडला असं होत नाही.

पेडण्याचा_भाऊ

सगळं वाचलं. सल्ले चांगले आहेत, पण मला वाटतं आपण त्या मुलीच्या मनावर कपड्यांचं ओझं टाकतोय. भाई पर्रीकर मुख्यमंत्री होते, देशाचे संरक्षणमंत्री झाले, तरी अर्ध्या बाहीचा साधा शर्ट आणि पायात सँडल. दिल्लीलाही त्यांनी त्यासाठी स्वतःला बदललं नाही. माणूस कामाने ओळखला जातो. पोरीला जे अंगावर सोयीचं आहे ते घालू द्या.

मांडवीकाठची

भाऊ, भाईंबद्दल तुमच्याइतकाच मलाही आदर आहे, आणि सोयीचं घालावं यावर आपलं दुमत नाहीच. माझा सगळा आटापिटा तेवढ्यासाठीच आहे. पण भाई आयआयटीतून शिकून, आमदार होऊन, काम दाखवून त्या खुर्चीवर पोचले होते. त्यांच्या सँडलकडे बघून कुणी त्यांच्या अभ्यासावर शंका घेतली नसती. साखळीहून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीचं काम अजून कुणी पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी ती चिखलाच्या पायांनी, ओल्या ओढणीत आत आली, तर काही लोक तेवढ्यावरून तिला मोजतील. ते चूक आहे, मान्य. पण ते बदलेपर्यंत तिने का सोसावं? खणात एक कोरडी पँट ठेवून हा प्रश्न सुटतो, तर सोडवून टाकावा आणि तिचं डोकं हिशेबाला मोकळं राहू द्यावं. शिवाय भाईंचा शर्ट साधा असायचा, पण स्वच्छ असायचा.

बाय, साडीचं राहिलं. आई म्हणते ते खरं आहे, साडी कुठल्याही ऑफिसात चालते. फक्त बस आणि पाऊस असताना रोज नको, पाऊस ओसरला की नेस. आपली कुणबी साडी पाहिली असशील, लाल चौकड्याची, सुती. शेतात राबणाऱ्या बायकांचं हे लुगडं जवळजवळ विसरलं गेलं होतं. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा विणवून घेतलं आणि मोठ्या रंगमंचावर नेलं, तेव्हा कुठे शहरातल्या बायकांनी ती घ्यायला सुरुवात केली. माझ्याकडे एक आहे. वर्षअखेरीच्या बैठकीला मी ती नेसून जाते, साधा काळा ब्लाऊज घालून. कापड अंगाला चिकटत नाही, चुरगळलं तरी शोभतं, आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्याबद्दल विचारायला दोन-तीन जणी तरी येतातच. पगार सुरू झाल्यावर एक घे. घाई नाही.

साखळीची_पोर

सगळ्यांचे खूप आभार. आईला आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आजीने अबोलीचा भाग दोनदा वाचायला लावला.

एचआर दादांनी सांगितल्याप्रमाणे काल ईमेल केला, आजच उत्तर आलं: कुर्ता आणि पँट चालेल, ओढणी ऐच्छिक, पायात मागून बंद किंवा पट्टा असलेलं काहीही. त्यामुळे पट्ट्याच्या काळ्या सँडल घेणार, रबरी तळाच्या. शाळेतल्या एका जाड पिशवीत टॉवेल आणि दुसरी पँट आतापासूनच भरून ठेवली आहे.

शिंपी काकांना दोनच प्रश्न. कापड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घ्यावं की पणजीला ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावरच्या दुकानातून? आणि १५ जूनच्या आत शिवून मिळेल का? तुमच्याकडे टाकलं तर यायला-जायला लांब पडेल, इथे साखळीत आमच्या ओळखीचे शिंपी आहेत, पण ते म्हणतात गर्दी आहे.

म्हापशाचा_शिंपी

साखळीतच टाका. ट्रायलला दोनदा जाता येईल असा जवळचा शिंपी केव्हाही बरा. मुंढ्याचं मी जे लिहिलंय ते त्यांना दाखवा, कारागीर माणूस राग मानणार नाही.

शुक्रवारच्या बाजारात भाव कमी पडतो, पण पाऊस लागायच्या आत जा आणि दिवसाच्या उजेडात कापड उलगडून पूर्ण पाहा. मधेच विणीत दोष किंवा घडीवर उडालेला रंग असतो. दुकानात बिल मिळतं, रंग गेला तर परत नेता येतं. मी म्हणेन, गडद पँटचं कापड दुकानातून घ्या, कारण काळा आणि गडद निळा हेच रंग आधी विटतात. कुर्त्यांचं बाजारातून घ्यायला हरकत नाही. घेताना एक कोपरा थुंकीने किंवा पाण्याने ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा, रंग लागला तर ठेवून द्या.

१५ तारखेच्या आत पाचही कपडे होणार नाहीत, आग्रह धरू नका, घाईत शिवलेलं उसवतं. दोन कुर्ते आणि काळी पँट आधी मागा, तेवढ्यावर पहिला आठवडा निघेल. बाकीचे जूनअखेर घ्या. पण त्यापुढे ढकलू नका. जुलै उजाडला की चवथीचे, म्हणजे गणपतीचे, कपडे यायला लागतात, आणि मग चवथ होईपर्यंत गोव्यातला कुठलाही शिंपी तुमच्या पँटला हात लावणार नाही.